थंडीची मोरी

खालच्या गावांत पांढरं पडायला लागलं की वर कुशीत संत्री पिवळी होत. त्सुकुबाच्या डोंगराची तऱ्हाच निराळी. माथ्यावर देवळाच्या पायऱ्यांना बर्फ, पायथ्याच्या भातखाचरांत बर्फ, आणि मधेच, गरोदर बाईनं पोटाला पट्टा बांधावा तसा उबेचा एक पट्टा. त्या पट्ट्यातल्या वाडीला सगळे 'कूस' म्हणत. आपली लेक कुशीत पडावी म्हणून खालचे बाप मध्यस्थांचे उंबरे झिजवत. "खायला मिळेल ते मिळो, पोरीचे हात तरी उलणार नाहीत," म्हणत.

सेकीच्या बापानंही तेच म्हटलं होतं. सेकी कुशीत आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिचे हात उलले. सालीतला रस भेगांत गेला की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. ते ती बाहीनं पुसायची आणि पुढची फांदी वाकवायची.

"देठ ठेवून काप गं," सासू फांदीआडून ओरडली. सासूचं नाव तोमे, पण वाडीत तिला नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. "तुझ्या माहेरी मुळे उपटतात तसं ओढू नकोस."

"कापतेय हो आई."

"कापतेस काय! हे बघ, ह्याची टोपीच उडाली. हे आता आठ दिवसांत सडतंय."

"आई, तिच्या हातातलं राहू दे," सेकीचा नवरा तोराजी पाटी खाली ठेवत म्हणाला. "तिच्या पाठीवरची बाई टोपीसकट खातेय, तिला आधी बघ."

पाठीवर बांधलेली लेक नुई खरोखरच एक संत्रं सालीसकट चावत होती. सेकीच्या मानेवरून रस ओघळून झग्यात शिरला होता. तोराजीला हसू आलं, आणि हसण्याच्या मागोमाग खोकला आला. तो झाडाला धरून वाकला. तोमे आणि सेकी दोघींचे हात थांबले. खोकला संपल्यावर तो थुंकला आणि थुंकी पायानं मातीत लोटली. काळं आहे का ते कुणी पाहू नये म्हणून.

लढाईच्या दिवसांत वरची जुनी झाडं तोडून तिथं रताळी लावावी लागली होती. लढाई संपल्यावर तोराजीनं खालच्या तालीत, उतारावरच्या बांध घातलेल्या पायरीत, नवी कलमं लावली आणि तो समुद्राकडच्या कोळशाच्या खाणीत गेला. झाडं मोठी होईतो घर खाणीवर चाललं. दर वसंतात मुकादम यायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा, आणि तोराजी त्याच्या मागोमाग डोंगर उतरायचा. यंदा पहिल्यांदा खालची झाडं भरून लागली होती. संत्रं लिंबाएवढंच, पण त्याच्या सालीचा वास असा, की वाळवून ठेवली की मसालेवाला शहरातून हुंगत यायचा.

"वसंतात मुकादम आला ना," तोराजी पाटी उचलत म्हणाला, "की त्याला चहा पाजतो आणि सांगतो, यंदा दुसरी छाती शोध."

"आधी साल वाळू दे. मग शेखी मिरव," तोमे म्हणाली. पण तिनं त्याच्या पाटीतली चार संत्री हळूच आपल्या पाटीत घेतली, ओझं कमी व्हावं म्हणून.

संत्री उतरवून झाल्यावर तोमेनं मोरी झाडली.

थंडी पाण्यासारखी असते, हे कुशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सूर्य कलला की ती माथ्यावरून उतारानं वाहायला लागते. अडवली की साचते, वाट दिली की निघून जाते. म्हणून प्रत्येकाच्या तालीच्या खालच्या बांधाला एक तोंड उघडं ठेवलेलं असे. त्याला म्हणायचं थंडीची मोरी. हिवाळ्याच्या तोंडी घरातल्या थोरल्या बाईनं ती झाडायची, पालापाचोळा काढायचा, आणि पानावर भाताचा मुटका ठेवायचा.

"आलीस तशी पुढं जा, बाई," तोमे गुडघे टेकून म्हणाली. "बसू नकोस, टेकू नकोस. घरात माणसं निजलीत."

सेकी मागे हात जोडून उभी होती. तिला हे दर वर्षी नव्यानं नवल वाटायचं. खालच्या गावात थंडी सगळीकडूनच यायची. तिला झाडून वाट कोण दाखवणार? तिच्या मनात आपलं पक्कं होतं, की कुशीतली ऊब मातीतच आहे, आणि मोरी म्हणजे म्हाताऱ्यांची रीत. हे ती कधी बोलली नव्हती. बोलायची सोयही नव्हती.

मुटक्यानंतर पहिली पाटी. वरच्याची थंडी खालच्याच्या दारी जाणार, म्हणून वरच्यानं खालच्याला पहिली पाटी द्यायची. अशी ती पाटी घराघरांतून खाली उतरत यायची. तोमेच्या घराखाली हात्सूचं घर होतं, आणि हात्सूच्या घराखाली नुसतं बांबूचं बन. हात्सूचा नवरा कुमाकिची त्याच्या घरातला धाकटा, वाटणी नसलेला भाऊ, रानात भट्टी लावून लाकडाचा कोळसा पाडणारा. वाडीनं त्याला उरलेला तुकडा दिला तो हा. सगळ्या वाडीची थंडी एकेक मोरी उतरत शेवटी त्याच्या दारावरून जायची.

मागच्या हिवाळ्यात हात्सूचं तान्हं गेलं. सकाळी उठून पाहिलं तर गार. कुणाचा दोष नव्हता. असं होतं, म्हणाले. पण त्यानंतर तोमेच्या घरून आलेली पाटी हात्सूनं घरात घेतली नाही. ती दारातच राहिली, हिरवी बुरशी चढेपर्यंत.

"या वेळी तू जा," तोमे सेकीला म्हणाली. "मला बघितलं की ती दार लोटून घेते. तू तिच्या वयाची आहेस."

सेकी गेली. हात्सू चुलीपुढं बसली होती. दिवस भरत आलेले. पोट असं, की उठताना तिला खांब धरावा लागला.

"ठेव तिथं," हात्सू म्हणाली.

"आत ठेवते. बाहेर सडेल."

"सडू दे की. तुमच्याकडं उदंड आहेत."

सेकीनं पाटी आत ठेवली आणि ती जायला वळली नाही. नुईनं पाठीवरून हात बाहेर काढून चुलीकडं केला. हात्सू त्या हाताकडं बघत राहिली.

"केवढी झाली गं," ती एकदम म्हणाली. "माझी असती तर हिच्यामागं रांगली असती."

सेकीनं नुईचा हात परत झग्यात घेतला.

"तू खालची आहेस ना, वहिनी? मग तुला कळेल. रात्री ती येते. इथून." हात्सूनं दाराच्या फटीकडं बोट दाखवलं. फट चिंध्यांनी बुजवलेली होती. "मी ऐकते. तुमच्या मोरीतून उतरते आणि इथं येऊन बसते. तिला पुढं जायला वाटच नाही, बांबू दाट झालेत. कुमाकिचीला म्हटलं तोड, तर तो भट्टीवर. महिना महिना येत नाही." तिनं पोटावर हात ठेवला. "हे पण गेलं तर मी काय करू?"

"असं बोलू नये."

"एवढ्या हिवाळ्यापुरती मोरी बुजवून टाक. तेवढं बाळंतपण होऊ दे. नंतर तू मला शिव्या घाल, लाथ मार. मी तुझ्या सासूला विचारलं होतं गेल्या वर्षी. म्हणाली, 'कुशीत राहायचं तर कुशीची रीत पाळावी.' वहिनी, त्या रीतीनं माझी पोर खाल्ली गं."

सेकी घरी आली आणि तिनं भात टाकला. भाताला उकळी आली, उतू गेला, तरी तिला कळलं नाही. तोमेनं तिच्या पाठीत पळी मारली तेव्हा ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी तोराजी सालीची पोती घेऊन खाली गेला आणि तोमे देवळाच्या झाडलोटीला. सेकीनं नुईला झाडाला बांधून खाली ठेवलं आणि मोरी बुजवायला घेतली. आधी मोठे दगड, मग लहान, मग फटींत पेंढा आणि चिखल. तिला बांध घालायची सवय होती. माहेरी तिनं खाचरांचे बांध लिंपलेले होते. वरच्या अंगानं तिनं दगड झाकतील अशा पेंढ्या रचल्या. झाडांच्या बुंध्यांना घालायच्या पेंढ्या नाहीतरी कुठंतरी रचायच्याच होत्या. काम संपल्यावर तिनं हात धुतले आणि नुईला उचललं. 'बाळंतपणापुरतं,' तिनं स्वतःला सांगितलं. 'झाडं आता मोठी झालीत, काय होतंय!'

हात्सूला मुलगी झाली. कुमाकिची भट्टीवरून काळाठिक्कर चेहरा घेऊन खाली आला आणि दारात बसून रडला. तोमेसुद्धा जाऊन आली. जाताना कोरड्या माशांची जुडी घेऊन गेली; येताना म्हणाली, "रडते छान. वाचेल."

सेकीनं ठरवलं, आता उद्या मोरी मोकळी करायची. पण दुसऱ्या दिवशी हात्सूनं तिचा हात धरला. "अजून तिची टाळू कशी उडते बघ. थोडं राहू दे."

मग वारा पडला. आभाळ लख्ख स्वच्छ झालं. सकाळी तोराजी तालीत गेला तर पानं विडीसारखी वळलेली. दुपारी उन्हात ती पुन्हा उलगडली. संध्याकाळी त्यानं झाडांवर गोणपाटं बांधली.

"यंदा थंडी जड आहे," तो जेवताना म्हणाला.

"जड असो नाहीतर हलकी," तोमे म्हणाली. "मोरी झाडलीय मी. ती जाईल निघून. तू खोकू नकोस उगाच, पोर उठेल."

सेकीनं हातातला घास परत ठेवला. ती उठली, आता मोरी उघडते असं हात्सूकडं जाऊन सांगायचं म्हणून. हात्सूच्या दाराशी जाऊन तिनं आत डोकावलं. बाळाचं नाक चोंदलं होतं. हात्सू त्याच्या नाकाला आपलं तोंड लावून शेंबूड ओढून घेत होती. एकदा, दोनदा, मग बाळाला श्वास मिळाला आणि ते तिच्या गालावर तसंच निजलं. सेकी दारातूनच परत फिरली. सकाळी, ती म्हणाली. सकाळी नक्की.

सकाळी तोराजीनं दाराची फळी सरकवली आणि तो तसाच उभा राहिला.

वरच्या घरांच्या ताली हिरव्या होत्या. शेजारच्या ताली हिरव्या होत्या. त्यांच्याच तालीत, बांधापासून छातीइतक्या उंचीपर्यंत, पांढरं साचलं होतं. तळ्यात पाणी साचतं तसं, सपाट. गोणपाटं फळ्यांसारखी ताठ. पानं काळपट आणि पारदर्शक, उकडलेल्या पालेभाजीसारखी. तोराजी एका झाडापाशी गेला, त्यानं पान धरलं. ते बोटांत मोडलं.

त्याच्या बाजूनं सेकी पळत गेली. अनवाणी. तिनं पेंढ्या फेकल्या आणि ती दगड उपसायला लागली. चिखल गोठून दगड झाला होता. नखं उलटली. तिनं एक दगड घेऊन दुसऱ्यावर मारला, पुन्हा मारला, आणि मोरीचं तोंड ढासळलं. साचलेली थंडी हलली. तिच्या घोट्यांवरून, पोटऱ्यांवरून ती वाहून जाताना तिला कळली. धुक्याचा एक पट्टा मोरीतून बाहेर पडला आणि पायरी पायरीनं उतरत हात्सूच्या दाराकडं निघाला. खाली हात्सूचं दार उघडं होतं. ती बाळाला घेऊन उभी होती. तिनं वर बघितलं, धुकं बघितलं, आणि दार लावून घेतलं.

तोराजी सेकीच्या मागं येऊन उभा राहिला होता. तिच्या बोटांचं रक्त दगडांना लागलं होतं.

"हात्सूनं सांगितलं?" त्यानं विचारलं.

तिनं होय म्हणून मान हलवली.

मग त्यानं खाली बसून तिचे दोन्ही हात आपल्या काखेत धरले, पोरांचे गारठलेले हात धरतात तसे.

"काय झालं रे? काय ढासळलं?" तोमे वरून येत होती. मोरीशी येऊन ती थबकली. तिनं दगड बघितले, चिखल बघितला, पेंढा बघितला. "मोरी कुणी बुजवली?"

"मी," तोराजी म्हणाला.

सेकीनं तोंड उघडलं. त्यानं तिच्या हातावर काखेतला दाब वाढवला.

"पेंढ्या रचायला जागा पाहिजे होती. म्हटलं, सपाट करून घेऊ. विसरलो."

"विसरलास?" तोमेचा आवाज आधी अगदी लहान होता. "विसरलास?" मग तिच्या हातात खराटा होता तो तिनं त्याच्या पाठीवर घातला. "खाणीत राहून डोकं पण काळं झालं का तुझं? मुताची वाट बुजवून कुणी जगतं का रे, मेल्या? तुझ्या आज्यानं उघडी ठेवली, बापानं ठेवली... तुला पेंढ्या ठेवायला हीच जागा मिळाली?" खराटा मोडेपर्यंत ती मारत राहिली. तो वाकून बसून राहिला. शेजारी बांधावर येऊन बघत होते. एक जण हसला सुद्धा.

त्या रात्री सेकी म्हणाली, "मी सांगते त्यांना."

"नको."

"का नको? मार तुम्ही खाल्लात."

"हे बघ," तोराजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "झाडं फुटली तर बरंच. नाही फुटली तर मला जावं लागणार. आईला जन्म तुझ्याबरोबर काढायचाय, माझ्याबरोबर नाही. तिचा राग मी बरोबर घेऊन जातो. तिकडं काय, अंधारात सगळंच खपतं."

मग वाट बघणं सुरू झालं. पानं गळाली. फांद्यांच्या साली उभ्या तडकल्या. तोमे रोज एका झाडापाशी जाऊन नखानं साल खरवडायची. आत हिरवं असलं तर जीव आहे, तपकिरी असलं तर गेलं. आधी बारक्या फांद्या तपकिरी लागल्या. मग जाड. मग ती बुंध्याशी वाकून खरवडायला लागली. तोराजीशी ती बोलत नव्हती. जेवायला बसला की त्याची वाटी सेकीकडं सरकवायची: "दे त्याला." त्यानं "आई" म्हटलं तर ती नुईशी बोलायची: "काय गं, कोण भुंकतंय?"

वरच्या घरांच्या तालींत फुलं आली. वास खालपर्यंत यायचा, रात्री तर झोप यायची नाही. खालच्या तालीत एकही डोळा फुटला नाही.

मुकादम आला. ओट्यावर बसला. तोराजीनं त्याला चहा दिला. दोघं बोलत होते तेव्हा तोमे मागच्या दारी मुळे चिरत होती, आणि चिरतच राहिली. मुळ्याचा डोंगर झाला. तोराजी गाठोडं बांधून मागच्या दारी आला, तिच्या पाठीमागं वाकला.

"येतो, आई."

सुरी थांबली नाही.

"आई, येतो."

"जा की," तोमे मुळ्याला म्हणाली. "तुला कुणी धरलंय?"

सेकी वळणापर्यंत त्याच्याबरोबर गेली. नुईला त्यानं उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि परत सेकीच्या हातात दिलं. उतारावर त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता. माणूस दिसेनासा झाल्यावरही.

चिखलाचा पाऊस येऊन गेला आणि बुंधे काढायची वेळ झाली. मेलेली मुळं जमिनीत ठेवली तर नवं काही धरत नाही. सेकी आणि तोमे कुदळी घेऊन तालीत उतरल्या. थोड्या वेळानं खालच्या पायऱ्यांनी हात्सू आली. बाळ पाठीला, खांद्यावर कुदळ. कुणी बोलावलं नव्हतं. ती काही न बोलता एका बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला लागली.

बाळ जाडजूड झालं होतं. गळ्याला वळ्या पडल्या होत्या. सेकी त्याच्याकडं बघत नव्हती; आणि मग बघत होती.

"बघ बाई," तोमे कुदळ टेकून हात्सूला म्हणाली, "तू परकी असून आलीस. आणि माझा बैल! बापानं ठेवलेलं एका पेंढीपायी बुडवलं आणि निघून गेला खुशाल. असलं पोर पोटी येण्यापेक्षा..."

हात्सूची कुदळ थांबली. तिनं सेकीकडं बघितलं.

"आई," सेकी म्हणाली.

"...असलं पोर येण्यापेक्षा वांझ राहिले असते तर..."

"आई, मोरी मी बुजवली."

तोमे वळली.

"मीच सांगितलं होतं हिला," हात्सू घाईघाईनं म्हणाली. "माझ्या पोरीपायी. मला मारा. वहिनीला नको. मला मारा."

तोमेनं हात्सूकडं बघितलं नाही. ती सेकीकडंच बघत होती. तिच्या तोंडावर रागाची तयारी झाली होती, ओठ वळले होते, पण राग येईना.

"तू?"

"हो."

"मग तो का म्हणाला?"

"तुम्हाला माझ्याबरोबर राहायचंय म्हणून."

कुदळ तोमेच्या हातातून सुटली आणि उतारानं थोडी घरंगळून एका मुळीला अडली. ती उचलायला तोमे वाकली, आणि वाकली ती तशीच बसली, मातीत, पाय पसरून, लहान पोरीसारखी. सेकी पुढं झाली. तोमेनं हातानं तिला थांबवलं.

"मुळे चिरत होते मी," ती म्हणाली. "मुळे. तो दोनदा म्हणाला, येतो म्हणून."

"आई..."

"दोनदा म्हणाला गं. ऐकलं मी." तिनं मातीचे हात तोंडावर घेतले. "मी त्याला जेवलास का, म्हणून पण विचारलं नाही."

हात्सूच्या पाठीवरचं बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. तिघींपैकी कुणीच हललं नाही. वरच्या तालींत हिरवी, वाटाण्याएवढी फळं धरली होती. खाली उकरलेल्या मातीतून वाफ निघत होती. जमीन उबदार होती, नेहमीसारखीच.

"जेवला होता," सेकी शेवटी म्हणाली. "मी वाढलं होतं."

"काय वाढलंस?"

"भात. आणि मुळा, तुम्ही चिरलेला."

तोमेनं मान हलवली, पुन्हा हलवली, आणि हलवतच राहिली.